समईची संगणकीय प्रतिकृती : प्रकाश व सावली यांचा एक पाठ

घरोघर वीज आली तसा तेलाचा दिवा रोजच्या उपयोगातून मागे पडला. समई आता देवघरात अथवा समारंभात दिसते, आणि तीही बहुधा विजेच्या उजेडात. एका ज्योतीच्या प्रकाशात खोली कशी दिसते, हा अनुभव पुष्कळ मुलांना मिळत नाही. जुन्या वाड्यांचे, माजघरांचे देखावे मात्र ती संगणकाच्या पडद्यावर पाहतात. अशा देखाव्यातील दिवा चुकीचा असेल, तर गतकाळाविषयीची त्यांची समजूतही चुकीचीच होणार. म्हणून देखावा रचण्यापूर्वी खरा दिवा पाहावा व मोजावा, हा या पाठाचा गाभा आहे. पाठ इयत्ता सातवीसाठी योजला आहे.

साहित्य : एक समई, दोरा, फूटपट्टी, चौकटींचा कागद, पांढरा कागद, सारख्या आकाराच्या पाच मेणबत्त्या व एक संगणक. ‘ब्लेंडर’ हा कार्यक्रम २००२ सालापासून सर्वांना विनामूल्य व मुक्तपणे वापरता येतो.

१. मोजमाप

मुलांनी समईची उंची, बैठकीचा व तेलाच्या वाटीचा घेर मोजून वहीत नोंदवावा. घेरावरून व्यास काढण्याचे गणित येथे सहजच होते. मोजमापाचे महत्त्व पटविण्यास एक हकीकत सांगावी. १९७५ साली अमेरिकेतील युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल या संशोधकाने घरातील चहाच्या किटलीची आकृती चौकटींच्या कागदावर काढली व तीवरून संगणकीय प्रतिकृती सिद्ध केली. पुढे तिची उंची कमी करण्यात आली. जगभर असंख्य देखाव्यांत वापरली गेलेली ती प्रतिकृती खऱ्या किटलीपेक्षा बसकी आहे. ज्यांनी केवळ प्रतिकृतीच पाहिली, त्यांना हा फरक कळण्याचा मार्ग नाही.

२. घडण

समईच्या मध्यातून एक उभी रेषा कल्पावी व तिच्या एका बाजूची कडा चौकटींच्या कागदावर काढावी. हीच अर्धी कडा संगणकावर त्या रेषेभोवती एक पूर्ण फेरा फिरविली की बैठक, दांडा व वाटी आकारास येतात. कुंभाराच्या चाकावर मडके घडते, त्याचाच हा प्रकार होय. वातीसाठी असलेल्या चोची मात्र निराळ्या घडवाव्या लागतात.

कार्यक्रमात लांबी मूलतः मीटरमध्ये धरलेली असते. समई ४५ सेंटीमीटर उंच असल्यास ०.४५ मीटर असे लिहावे. नुसते ४५ लिहिले तर समई ताडाच्या झाडाहून उंच होईल व ज्योतीचा उजेड बैठकीपर्यंतही नीट पोहोचणार नाही.

३. प्रकाश

पांढऱ्या कागदाच्या मध्यभागी तेलाचा थेंब सोडून डाग पाडावा. अंधाऱ्या खोलीत कागद उभा धरून एका बाजूस १ फुटावर एक मेणबत्ती व दुसऱ्या बाजूस २ फुटांवर चार मेणबत्त्या जवळजवळ ठेवाव्यात. डाग जवळजवळ दिसेनासा होतो, कारण दोन्ही बाजूंचा उजेड सारखा पडतो. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई उरतो, तिप्पट झाले की नववा हिस्सा, हा नियम मुलांनी स्वतः काढावा. मेणबत्त्या लावण्याचे काम शिक्षकांनीच करावे.

संगणकातील बिंदुदिवा हा नियम आपोआप पाळतो. ज्योतीच्या जागी तो ठेवून त्याचा रंग सुमारे १९०० केल्व्हिनचा द्यावा. दुपारच्या उन्हाचा रंग सुमारे ५५०० केल्व्हिनचा असतो. पितळ उजळ दिसते ते सभोवतालच्या वस्तूंच्या प्रतिबिंबामुळे. म्हणून समईभोवती भिंती, जमीन व एखादे भांडे हवे; रिकाम्या काळोखात पितळही काळेच दिसेल.

४. देखावा

पहिले चित्र मुलांना फार अंधारे वाटेल. ते उजळावे म्हणून कोपऱ्यात दुसरा दिवा लपवून ठेवण्याचा मोह होतो. तो टाळावा, त्याने सावल्या पुसल्या जातात व समई केवळ शोभेची उरते. कॅमेऱ्याने अधिक प्रकाश घ्यावा अशी योजना करावी. चित्रात रवाळपणा आल्यास प्रत्येक बिंदूसाठी घ्यावयाच्या प्रकाशनमुन्यांची संख्या वाढवावी. ती चौपट केली असता रवाळपणा निम्म्यावर येतो.

शेवटी खोली अंधारी करून खऱ्या समईत एकच वात लावावी व तिच्याशेजारी चित्र ठेवून तुलना करावी. वाटीच्या आडोशाने खऱ्या समईच्या बुडाशी सावली पडते. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण मुले बोलतात, पण तिच्यातील निरीक्षण येथे प्रत्यक्ष दिसते. चित्रात तो अंधार नसेल, तर चूक कोठे झाली याचा शोध मुलांनीच घ्यावा. शिक्षकांनी उत्तर सांगण्याची घाई करू नये.

स्वाध्याय

(१) भिंत ज्योतीपासून १ मीटरऐवजी ३ मीटरवर नेल्यास तिच्यावरील उजेड किती पट कमी होईल?
(२) समईत दोन समोरासमोरील वाती लावल्यास सावल्यांत कोणता फरक पडेल? प्रथम तर्क लिहा, मग पाहा.
(३) घरातील वडीलधाऱ्यांना विचारून, तेलाच्या दिव्याजवळ कोणती कामे होत व कोणती सकाळपर्यंत तहकूब ठेवीत, ते दहा ओळींत लिहा.