वाढदिवसाचं टेबल: एका जेवणाच्या बिलातून शिकलेली दुकानदारी

या आठवड्याच्या व्हिडिओत मी आईच्या वाढदिवसाचा किस्सा थोडक्यात सांगितला. त्यातला हिशोब आणि कायद्याचा भाग वेळेअभावी राहिला, तो इथे देतो. हॉटेल असो, स्टेशनरी असो की टेलरिंग, धडा सगळ्यांना लागू आहे. वही-पेन घेऊन बसा, शेवटी एक काम दिलंय.

आधी काय घडलं ते

आईला साठ वर्षं पूर्ण झाली. आमच्याकडे कुणाचाही वाढदिवस असला की पुरणपोळी ठरलेली, आणि करणार आईच. स्वतःच्या वाढदिवसालाही तीच पोळपाटासमोर. म्हणून आम्ही भावंडांनी ठरवलं की साठीला तिने गॅस पेटवायचाच नाही. एका चांगल्या, एसी फॅमिली रेस्टॉरंटमध्ये 9 जणांचं टेबल बुक केलं.

फोनवर मी दोन गोष्टी सांगितल्या. आईचे गुडघे दुखतात, टेबल खाली हवं. आणि केक आम्ही घेऊन येणार. समोरून उत्तर आलं, “हो हो सर, या तुम्ही.”

पोहोचलो तर खालचा हॉल भरलेला. टेबल वर, लिफ्ट नाही. आई एकेक पायरी कठड्याला धरून चढली. वर गेल्यावर मॅनेजर म्हणाला, बाहेरचा केक असेल तर 300 रुपये चार्ज लागेल. हे फोनवर कुणी बोललं नव्हतं. जेवण चांगलं होतं, त्यात काही खोट काढणार नाही. पण बिल आलं तेव्हा त्यात 10 टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला. मी विचारायला गेलो तर आई म्हणाली, “जाऊ दे रे, आजच्या दिवशी वाद नको.” मी पैसे दिले.

जिना उतरताना ती हळूच म्हणाली, “पुढच्या वर्षी घरीच करू. मी करते पुरणपोळ्या.”

मला बिलापेक्षा हे वाक्य जास्त लागलं. जिला एक दिवस सुट्टी द्यायची होती, तिलाच वाटलं की यापेक्षा पोळ्या लाटलेल्या बऱ्या.

आता हिशोब मांडू

सोयीसाठी आकडे गोल केलेत.

- जेवण: 4,500 रुपये
- केक चार्ज: 300 रुपये
- सर्व्हिस चार्ज, जेवणावर 10 टक्के: 450 रुपये
- या सगळ्या 5,250 वर 5 टक्के जीएसटी: 262.50 रुपये
- एकूण: 5,512.50 रुपये

केक चार्ज आणि सर्व्हिस चार्ज नसता तर बिल झालं असतं 4,725 रुपये. फरक 787.50. त्यातला जीएसटीचा भाग सरकारला जातो, म्हणजे हॉटेलच्या गल्ल्यात जास्तीचे पडले 750.

आता गेलं किती ते बघा. आमच्यासारखं कुटुंब वर्षातून पाच वेळा तरी असं जेवायला जातं: वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, मुलांचा रिझल्ट. पाच गुणिले 4,500 म्हणजे वर्षाला 22,500. पाच वर्षांचे 1,12,500. आणि त्या टेबलावर बसलेल्या 9 जणांपैकी चौघांची घरं वेगळी आहेत. बीबीएला असताना मी ‘कस्टमर लाइफटाइम व्हॅल्यू’ परीक्षेसाठी पाठ केलं होतं. समजलं त्या जिन्यावर.

कायदा काय म्हणतो?

हे ग्राहक म्हणूनही माहीत असू द्या आणि धंदेवाले म्हणूनही.

1. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला मार्गदर्शक तत्त्वं काढली. हॉटेलने बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही वसूल करायचा नाही, आणि तो बिलात मिळवून वर जीएसटीही लावायचा नाही. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही तत्त्वं कायम ठेवली.
2. टीप देणं ग्राहकाच्या मर्जीवर. खूश झाला तर देईल.
3. आधी सांगून काढायला लावा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.
4. जीएसटी आणि सर्व्हिस चार्ज यात गल्लत करू नका. जीएसटी हा कर आहे, साध्या रेस्टॉरंटला 5 टक्के. मात्र हॉटेल कॉम्पोझिशन स्कीममध्ये असेल तर ते ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेऊ शकत नाही, आणि बिलावर तसं लिहावंही लागतं.

हॉटेलवाले मित्र म्हणतील, पोरांचे पगार, भाडं, गॅस कुठून काढायचा? बरोबर आहे. तो खर्च मेनूच्या दरातच धरा. थाळी 450 ची 480 करा. ग्राहक दर बघून आत येतो, तेव्हा त्याची तक्रार नसते. तक्रार असते न सांगितलेल्या रकमेची. केक चार्जचंही तसंच. आधी सांगितला तर तो दर, नंतर सांगितला तर तो दंड.

दुसऱ्या वर्षी काय झालं?

आईला कसंबसं तयार केलं. या वेळी एक छोटं घरगुती हॉटेल निवडलं, नवरा-बायको चालवतात. फोन केला तर ताईंनीच मला प्रश्न विचारले. वाढदिवस कुणाचा? कुणी वयस्कर आहे का, खुर्ची भिंतीकडेची ठेवू का? कुणाला तिखट, साखर वर्ज्य आहे का? केक तुमचा की आम्ही मागवू? मग व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: 9 माणसं, रात्री 8, खालचं टेबल, केक तुमचा, त्याचा चार्ज नाही, थाळीचा दर इतका.

गेल्यावर पहिलं ताट आईसमोर आलं. निघताना ताई आईला म्हणाल्या, “काकू, आमटी कशी झाली होती? तुम्ही सांगा, तुमचा हात जुना.” आईने दहा मिनिटं गूळ-आमसुलावर क्लास घेतला! एसी नव्हता, सजावट नव्हती. पण त्यानंतर आम्ही तिथे चारदा गेलो, आणि दोनदा तर आईच म्हणाली म्हणून.

या सगळ्याचा त्या हॉटेलला खर्च किती आला? एक फोन, एक मेसेज.

आणि आता माझी चूक

दुसऱ्याला नावं ठेवणं सोपं असतं. पहिल्या हॉटेलवर चिडून मी घरी आलो, आणि झोपताना आठवलं की त्याच महिन्यात माझ्या दुकानातून बारशाच्या रिटर्न गिफ्टची ऑर्डर गेली होती. बाळाचं नाव पोराने फोनवर ऐकून लिहिलं, परत विचारलं नाही. ‘श्रीशा’चं ‘श्रेया’ छापलं गेलं. मी 10 टक्के सूट दिली आणि विषय मिटला असं धरलं. त्या ताई पुन्हा दुकानात आल्या नाहीत. बारसं काही परत होत नाही. माझ्यासाठी ती पन्नास पाकिटांची ऑर्डर होती, त्यांच्यासाठी तो दिवस होता.

तेव्हापासून काउंटरवर एक वेगळी वही आहे. समारंभाची ऑर्डर आली की पाच ओळी भरल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स घ्यायचा नाही:

1. प्रसंग कुणाचा? (पैसे देणारा नव्हे, ज्याचा दिवस आहे तो)
2. त्या व्यक्तीची अडचण किंवा आवड काय?
3. काय चुकलं तर चालणारच नाही?
4. एकूण रक्कम किती, सगळं धरून?
5. हे सगळं लिहून ग्राहकाला मेसेज केला का?

तुमचं काम

गेल्या तीन महिन्यांतल्या समारंभाच्या ऑर्डर काढा. त्यातले किती ग्राहक परत आले ते मोजा. जे आले नाहीत त्यांच्यापैकी एकाला आज फोन करा. विकायला नाही, फक्त विचारायला, की काही राहिलं होतं का. ऐकून घ्या, सफाई देऊ नका.

मी त्या बारशाच्या ताईंना केला होता. पाकिटं नव्याने छापून, पैसे न घेता घरी नेऊन दिली. उशीर झाला होता, पण दार उघडलं.

पुढच्या व्हिडिओत ही वही कशी आखायची ते दाखवतो. तोवर धंदा नीट करा, आणि आईला एक दिवस सुट्टी द्या.