तुलना करताना

उर्दूच्या तासाला तुम्ही 'मुवाजना' हा शब्द ऐकला असेल. मराठीत त्यालाच 'तुलना' म्हणतात. दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवायच्या, त्यांत सारखे काय आणि वेगळे काय ते पाहायचे व ते वाचणाऱ्याला समजेल असे लिहायचे. काम सोपे वाटते. पण वह्या तपासताना मला दरवर्षी एकच गोष्ट दिसते. तुलना करा म्हटले की निम्मी मुले दोन वेगळे निबंध लिहितात आणि एकाखाली एक जोडून देतात.

एका वर्षी नववीच्या वर्गाला मी 'ताजमहाल आणि बीबी का मकबरा' हा विषय दिला होता. एका मुलाने पहिल्या पानावर ताजमहालाची माहिती लिहिली, दुसऱ्या पानावर मकबऱ्याची. शेवटी एकच वाक्य होते : "म्हणून ताजमहाल चांगला आहे आणि मकबरा त्याची नक्कल आहे." अक्षर सुंदर होते, शुद्धलेखनही बरे होते. तरी मी त्याला दहापैकी चारच गुण दिले. तो हिरमुसला. "सर, मी खोटे काय लिहिले?" असे त्याने विचारले. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आपण मिळून शोधू या.

तुलना करण्यासाठी दोन गोष्टींत काहीतरी समान असावे लागते. आंबा आणि सायकल यांची तुलना कोणी करीत नाही. आपल्या दोन्ही इमारती मोगल काळातील आहेत. दोन्ही बेगमांच्या कबरींवर बांधल्या आहेत. शाहजहानची बेगम मुमताज महल 1631 साली बुऱ्हाणपूर येथे वारली. पुढच्या वर्षी आग्र्याला ताजमहालाचे काम सुरू झाले. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू 1657 साली वारली. तिचा मकबरा छत्रपती संभाजीनगर येथे आहे. या शहराचे नाव 2023 पर्यंत औरंगाबाद होते. दोन्ही ठिकाणी मधोमध मोठा घुमट, चार कोपऱ्यांवर चार मिनार आणि समोर पाण्याचे पाट असलेली बाग आहे. इतके साम्य कसे आले? ताजमहालाचे शिल्पकार उस्ताद अहमद लाहोरी मानले जातात. मकबऱ्याचे शिल्पकार अताउल्लाह हे त्यांचे पुत्र. मकबऱ्याच्या प्रवेशद्वारावरील लेखात अताउल्लाह यांच्याबरोबर हंसपत राय यांचेही नाव आहे. 'सारखे आहे' एवढे लिहून थांबू नका. ते सारखे का आहे, हेही लिहा. त्या मुलाच्या दोन पानांत हे 'का' कुठेच नव्हते.

आता फरक पाहू. वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्या रकान्यात मुद्दा लिहा, दुसऱ्यात ताजमहाल, तिसऱ्यात मकबरा. पहिला मुद्दा दगडाचा. ताजमहाल बाहेरून सगळा संगमरवराने मढवलेला आहे. मकबऱ्यात भिंतींचा खालचा भाग आणि घुमट संगमरवरी आहे. मधला भाग दख्खनच्या काळ्या दगडाचा असून त्यावर पांढरा गिलावा आहे. कारण उघड आहे. संगमरवर दुरून आणावा लागे आणि पैसाही कमी होता. एका जुन्या नोंदीप्रमाणे मकबऱ्याला सुमारे 6 लाख 68 हजार रुपये लागले. ताजमहालाचा खर्च कोटींच्या घरात गेला होता.

त्या मुलाने नेमका हाच एक मुद्दा घेतला होता. ज्या मापात एक गोष्ट आधीच मोठी आहे, त्याच मापाने दोन्ही मोजल्या तर दुसरी लहान ठरणारच! त्यासाठी निबंध लिहायची गरज काय? तुम्हाला कोणी नेहमी तुमच्या मोठ्या भावाच्या गुणांनी मोजले तर कसे वाटेल?

म्हणून दुसरा मुद्दा घ्या : इमारतीची जागा. ताजमहाल बागेच्या मध्यभागी नाही. तो बागेच्या शेवटी, यमुनेच्या काठावर आहे. मकबरा मात्र बागेच्या अगदी मध्यभागी उभा आहे. दिल्लीचा हुमायूनचा मकबराही तसाच आहे, आणि तो ताजमहालापेक्षा जुना आहे. म्हणजे या बाबतीत मकबरा ताजमहालाच्या मागे गेलेला नाही. तिसरा मुद्दा कबरीचा. ताजमहालात वरच्या दालनात दिसतात त्या केवळ नावाच्या कबरी. खऱ्या कबरी खाली तळघरात आहेत. मकबऱ्यात वर अशी कबर नाहीच. सज्जात उभे राहून खाली पाहिले की संगमरवरी जाळीच्या आत खरी कबर दिसते. चौथा मुद्दा कारागिरीचा. ताजमहालात संगमरवरात रंगीत दगड बसवून फुले काढली आहेत, तर मकबऱ्यात गिलाव्यावर वेलबुट्टी आहे. ती अनेक लोक न पाहताच परत येतात, याचे मला वाईट वाटते.

चार मुद्दे झाल्यावर 'नक्कल' हा शब्द लिहिताना हात अडखळतो. साम्य खरे आहे, पण तेवढ्यावर गोष्ट संपत नाही.

निबंधाची मांडणी दोन प्रकारे करता येते. आधी एका वस्तूविषयी सगळे लिहून मग त्याच क्रमाने दुसरीविषयी लिहिता येते. किंवा एकेक मुद्दा घेऊन दोन्ही वस्तूंविषयी एकत्र लिहिता येते. निबंध दोन परिच्छेदांचा असेल तर पहिली रीत चालते. मोठ्या निबंधात दुसरीच बरी, कारण वाचणाऱ्याला सारखी मागची पाने उलटावी लागत नाहीत.

भाषेकडेही लक्ष द्या. उर्दूतील 'से' मनात ठेवून काही मुले 'ताजमहाल मकबऱ्याने मोठा आहे' असे लिहितात. मराठीत 'मकबऱ्यापेक्षा मोठा' किंवा 'मकबऱ्याहून मोठा' म्हणावे. साम्य दाखवताना 'दोन्ही', 'सारखा', 'त्याचप्रमाणे' हे शब्द वापरा. फरक दाखवताना 'मात्र', 'उलट', 'तर'. आणि हो, उर्दूत 'बाग' पुल्लिंगी आहे, मराठीत स्त्रीलिंगी. म्हणून 'मकबऱ्याची बाग मोठी आहे' असे लिहा.

शिबली नोमानी यांचा 'मुवाजना-ए-अनीस-ओ-दबीर' हा 1907 सालचा ग्रंथ म्हणजे दोन मर्सियाकारांची तुलनाच आहे. शिबलींनी अनीस यांना झुकते माप दिले, अशी दबीर यांच्या चाहत्यांची तक्रार होती. तुलना करणाराचा कल एका बाजूला असू शकतो. पण त्याने पुरावे समोर ठेवले, तर वाचणाऱ्याला त्याच्याशी वाद घालता येतो.

त्या मुलाने निबंध पुन्हा लिहून आणला. त्याचा शेवट असा होता : "आग्र्याला लोक इमारत बघायला जातात. आमच्या मकबऱ्यात सज्जातून वाकून कबर बघावी लागते. मला ताजमहाल जास्त सुंदर वाटतो, पण मकबऱ्यात मी जास्त वेळ थांबलो." दुसऱ्या वाक्याशी मी सहमत नव्हतो, कबर पाहायला ताजमहालातही लोक आत जातातच. तसे मी समासात लिहिले आणि आठ गुण दिले.

स्वाध्याय

दौलताबादचा किल्ला डोंगरावर आहे आणि जंजिरा समुद्रात. शत्रूला अडवण्यासाठी प्रत्येक ठिकाणी काय उपयोगी पडले, याची माहिती मिळवा. तीन रकान्यांत चार मुद्दे मांडा. मग 'पेक्षा', 'मात्र' आणि 'दोन्ही' हे शब्द वापरून पंधरा ओळी लिहा.