कट्यारीवरील मुद्रा

जुनी कट्यार समोर आली की सामान्य माणूस मुठीवरील नक्षीकाम न्याहाळतो. जाणकाराची दृष्टी मात्र पात्याच्या मुळाशी जाते, कारण पाते घडविणारा कारागीर बहुधा तेथेच आपली मुद्रा उमटवीत असे. या मुद्रेवरून शस्त्राचे मूळ गाव कळू शकते. पण तीच मुद्रा कधी कधी फसवतेही.

तंजावरच्या कट्यारी या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. तेथे आधी नायक राजे आणि पुढे व्यंकोजीराजांचे भोसले घराणे राज्य करीत होते. तेथील शस्त्रागारातील अनेक कट्यारींच्या मुठी दक्षिणी घडणीच्या, पण पाती युरोपातील आहेत. समुद्रमार्गे आलेल्या तलवारीचे पाते आखूड करून ते मुठीला रिव्हेटांनी जोडले जाई. परदेशी पात्याच्या तलवारीला तर मराठीत ‘फिरंग’ असे नावच पडले.

आता अशा एखाद्या पात्यावर ‘आंद्रेआ फेरारा’ अशी अक्षरे आढळली, तर ते त्या इटालियन कारागिराने घडविले असे म्हणता येईल काय? नाही. फेरारा सोळाव्या शतकातला. त्याची कीर्ती एवढी मोठी, की जर्मनीतील सोलिंगेनचे कारागीर पुढे कितीतरी वर्षे त्याचे नाव आपल्या पात्यांवर कोरीत राहिले. धावत्या लांडग्याची मुद्रा मूळची पासाऊ शहराची. तीही सोलिंगेनने उचलली. काही पात्यांवर ‘१४१४’ हा आकडा दिसतो. ते घडणीचे वर्ष नव्हे, कारण ती पाती त्यानंतर बऱ्याच काळाने घडलेली आहेत. ही उसनवारी जुनीच आहे, त्यामुळे मुद्रा उसनी असली तरी पाते जुने असू शकते.

बाजारातली आजची बनावट मात्र वेगळी. ती ओळखण्यासाठी भिंग पुरते. ठशाने ठोकलेल्या खुणेत धातू दबलेला असतो आणि वापराने तिच्या कडा बोथट झालेल्या असतात. आम्लाने कोरलेल्या खुणेचा तळ सपाट, खरखरीत दिसतो. सर्वांत बोलका पुरावा गंजाचा. जुन्या गंजाने पडलेले खड्डे छेदून मुद्रेची रेघ गेली असेल, तर मुद्रा गंजानंतरची, म्हणजे मागाहून उमटविलेली होय. म्हणूनच घरातील जुने शस्त्र पॉलिश कागदाने घासून चकचकीत करणे हा मोठा अपराध आहे. त्यात मुद्रा आणि गंज दोन्ही जातात!

१८५५ साली तंजावर संस्थान खालसा झाले आणि तेथील बहुतेक शस्त्रे मोडून धातूच्या भावाने विकली गेली. त्यांतून वाचलेल्या काही कट्यारी चेन्नईच्या शासकीय संग्रहालयात आहेत. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू १९७२च्या कायद्यानुसार कोणाही व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाहीत.

पाठगत प्रश्न
१. ‘१४१४’ हा आकडा घडणीचे वर्ष का मानता येत नाही?
२. मुद्रा उसनी असूनही पाते जुने असू शकते. हे कसे, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.