सरावाचे काडतूस आणि त्याची पारख

राष्ट्रीय छात्रसेनेत नाव घालणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती बंदूक प्रथम येते, ती गोळी झाडण्याकरिता नव्हे. काडतूस भरणे, बाहेर काढणे, नेम धरणे आणि चाप हळूहळू दाबणे, या क्रिया आधी अंगवळणी पडाव्या लागतात. या शिक्षणास जे निर्जीव काडतूस वापरतात, त्यास डमी अथवा ड्रिल काडतूस म्हणतात. वस्तू क्षुद्र दिसते. परंतु तिची पारख चुकल्यामुळे माणसे प्राणास मुकली आहेत. म्हणून तिच्याविषयी चार गोष्टी विद्यार्थ्यांस व पालकांस सांगाव्यात, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम खऱ्या काडतुसाची रचना पाहू. त्याचे भाग चार: पितळेची पुंगळी, तीत भरलेली दारू, तोंडाशी बसविलेली गोळी आणि बुडाशी असलेली लहानशी टोपी. चाप दाबताच बंदुकीतील फायरिंग पिन टोपीवर आदळते, टोपीतील स्फोटक पेटते, त्याची ज्वाला दारूस लागते आणि उत्पन्न झालेला वायू गोळीस नळीबाहेर लोटतो. छात्रसेनेतील पॉइंट बावीस रायफलीच्या काडतुसास निराळी टोपी नसते. स्फोटक बुडाच्या कडेतच भरलेले असते.

डमी काडतुसात दारू नसते व टोपीतील स्फोटकही नसते. 'ब्लँक' म्हणून जे काडतूस असते, ते डमी नव्हे, हे नीट ध्यानात ठेवावे. ब्लँकला गोळी नसते, पण दारू व टोपी खरी असते, आणि अगदी जवळून तेही प्राण घेऊ शकते. 'स्नॅप कॅप' नावाचा डमीचा एक प्रकार आहे. त्यात टोपीच्या जागी स्प्रिंग किंवा मऊ पदार्थ बसवितात; तो पिनेचा आघात सोसतो. पॉइंट बावीस रायफल मोकळी ठेवून चाप दाबला, तर काही बंदुकींत पिन थेट कोठीच्या कडेवर आदळून तीस खोक पाडते. म्हणून असा सराव शिक्षकाने सांगितल्यावाचून करू नये.

उत्तम डमीचे लक्षण एकच: ते आपले खोटेपण उघड सांगते. खऱ्यासारखे हुबेहूब दिसणारे डमी हे डमींत सर्वांत वाईट होय. ब्रिटिश सैन्याच्या पॉइंट तीनशे तीन रायफलीच्या ड्रिल काडतुसांत याच हेतूने पुंगळीस भोके पाडीत, किंवा लांब खोबणी करून त्यांत तांबडा रंग भरीत. म्हणजे डोळ्यांनी रंग दिसे आणि अंधारात बोटांस खोबणी लागे. चित्रपटांकरिता मात्र डमी खऱ्यासारखे दिसावे लागते. म्हणून कित्येकांच्या आत बारीक छर्रा घालतात. कानाशी हलविले असता तो खुळखुळतो.

हे नियम मोडल्याचे फळ काय होते, त्याची दोन उदाहरणे अमेरिकेत घडली. १९९३ साली 'द क्रो' या चित्रपटाच्या वेळी खऱ्या काडतुसांतील दारू काढून घरगुती डमी तयार करण्यात आले. टोपी मात्र तशीच राहिली. टोपीच्या जोराने गोळी नळीत शिरून अडकली व ती कोणी पाहिली नाही. पुढे त्याच पिस्तुलात ब्लँक भरून बार काढताच ती गोळी नट ब्रँडन ली यांस लागली आणि अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यू मेक्सिकोत 'रस्ट' या चित्रपटाच्या तयारीत डमींमध्ये एक खरे काडतूस मिसळलेले होते. त्याने छायाचित्रणकार हलीना हचिन्स यांचा बळी घेतला. पहिल्या ठिकाणी डमी अर्धेच निर्जीव होते. दुसऱ्या ठिकाणी प्रत्येक काडतूस पारखून घेतले गेले नाही.

यावरून विद्यार्थ्यांनी पुढील नियम मनी बिंबवावेत.

१. खऱ्या काडतुसापासून डमी करण्याच्या भरीस कदापि पडू नये. ते कारखान्यात तयार झालेले व शिक्षकांनी दिलेलेच घ्यावे.

२. भरण्यापूर्वी प्रत्येक डमी एकेक करून पाहावे व चाचपावे. दहांतील नऊ पाहिले म्हणजे दहावे पाहिले असे होत नाही.

३. सरावाच्या खोलीत खरे काडतूस असूच नये. नेमबाजीच्या मैदानावर शिक्षक कधी खऱ्यांमध्ये एखादे डमी गुपचूप भरतात. बार न होता नळी खाली झुकली, म्हणजे मुलगा आवाजाच्या भयाने दचकतो, हे कळते. पण ही युक्ती जाणत्या शिक्षकाचीच.

४. डमी भरलेली बंदूकदेखील कोणाकडे रोखू नये.

पालकांस एक विनंती. घरात वडीलधाऱ्यांच्या वेळचे एखादे जुने काडतूस पडले असेल, तर ते निकामी झाले असेल असे समजून मुलांच्या हाती देऊ नये. जुनेपणाने काडतूस डमी होत नाही. आणि परवान्यावाचून खरे काडतूस बाळगणे १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये गुन्हाही आहे. त्यास न छेडता पोलिसांस कळवावे.

बाळांनो, नेम चुकला तर पुन्हा धरता येतो. पारख चुकली तर पुन्हा संधी मिळेलच असे नाही. म्हणून नेमबाज होण्यापूर्वी पारखी व्हा.