आधी ताप मोज, मग माल निवड

अगं, तलमडुगुच्या दुकानात भोंग्यांचे लाइन-ट्रान्सफॉर्मर आता तू स्वतःच गुंडाळतेस, याचं मला फार कौतुक आहे. त्यात भरायचं काय, हे तू विचारलंस. एका शब्दात सांगता आलं असतं तर फोनवरच सांगितलं असतं. पण कुठला माल चांगला, हे तो ट्रान्सफॉर्मर कुठे बसणार यावर ठरतं. तुझे ट्रान्सफॉर्मर बसणार देवळाच्या शिखराजवळ, खांबावर, पत्र्याच्या छपराखाली. म्हणून निवांत बसून सगळं लिहिते आहे.

आधी भरायचंच कशाला, ते मनाशी पक्कं कर. कारणं तीन: ओल, थरथर आणि उष्णता. आपल्याकडे पावसाळ्यात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. बारीक तांब्याच्या तारेवर दमट हवा आणि हाताचा घाम एकत्र आले, की इनॅमलच्या सूक्ष्म छिद्रातून हिरवा गंज धरतो आणि एके दिवशी तार तुटते. थरथरीने सैल वेढे एकमेकांवर घासतात, कोरच्या पत्र्या गुणगुणू लागतात. आणि वेढ्यांमध्ये अडकलेली हवा आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

या तिन्हींवर पहिला इलाज वॉर्निशचा. ट्रान्सफॉर्मरच्या डब्यात काय ओतायचं ते नंतर. पुष्कळ जण वॉर्निश न देता नुसता डबा भरतात. मग बाहेरून दगडासारखा दिसणारा ट्रान्सफॉर्मर आतून कोरडा आणि सैल राहतो. तू तसं करू नकोस. कॉइल भट्टीत 100 ते 110 अंशांवर काही तास ठेव, म्हणजे बॉबिनमधली, कागदातली ओल निघून जाईल. थोडी निवू दे, कोमट असतानाच वॉर्निशमध्ये बुडव आणि बुडबुडे थांबेपर्यंत वर काढू नकोस. व्हॅक्यूम पंप मिळाला तर उत्तम. नसेल तर वॉर्निश पातळ ठेव आणि दोनदा बुडव. नीट निथळू दे, मग वॉर्निशच्या डब्यावर लिहिलेल्या तापमानाला भाज. थिनरची वाफ पेट घेते. म्हणून बुडवल्यावर ती पूर्ण उडू दे, मगच भट्टीत ठेव. गॅस, स्टोव्ह, उदबत्ती, काहीही जवळ नको. घाई झाली तरी हे सोडायचं नाही, बाई.

आता ताप. मे महिन्यात आदिलाबादकडे हवाच 45 अंशांना पोचते. उन्हातली लोखंडी पेटी त्याहून बरीच वर जाते. त्यावर ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा ताप. हे अंदाजावर सोडू नकोस, तुझ्याच मल्टिमीटरने मोजता येतं. तांब्याचा रोध तापमानाबरोबर ठराविक प्रमाणात वाढतो. समज, खोलीत 30 अंश आहेत आणि वाइंडिंगचा रोध 10 ओहम आहे. ट्रान्सफॉर्मर दोन तास पूर्ण आवाजावर चालव, लाइन बंद करून सोडव आणि लगेच मोज. आता 11.7 ओहम भरला, तर गणित असं: 30 मध्ये 234.5 मिळव, येतात 264.5, त्याला 1.17 ने गुण, येतात साधारण 309.5, त्यातून 234.5 वजा कर. उरले 75. वेढ्यांचं सरासरी तापमान 75 अंश. हे 30 अंशांच्या खोलीतलं. मे महिन्यातल्या छपरासाठी त्यात आणखी किमान पंधरा-वीस धर. कमी रोधाच्या वाइंडिंगवर मल्टिमीटर चुकतो, म्हणून ज्याचा रोध जास्त ते निवड.

हा आकडा हातात आला, की अर्धा निर्णय झालाच. पॅराफिन मेण 50 ते 65 अंशांच्या आसपास वितळतं, मधमाशीचं मेण 62 ते 65 ला. उशेगावचे वोजारी कारागीर ढोकऱ्याच्या ओतीव मूर्तीसाठी मेणाचे धागे वळतात, तेच हे मेण. मूर्तीच्या साच्यातून मेण वितळून जावं, हीच त्या कलेची किमया आहे. तुला नेमकं उलटं हवं. भोंग्यात मेण भरलंस तर पहिल्याच उन्हाळ्यात ते खांबावरून ओघळेल.

मेण वाईट नाही, त्याची जागा वेगळी. माइकचा लहान ट्रान्सफॉर्मर सावलीत, मिक्सरच्या आत असतो आणि जवळपास तापतच नाही; तिथे मेण छान. शिवाय दोन वेढ्यांमध्ये जे काही असतं, त्याने वाइंडिंगची कपॅसिटन्स ठरते आणि ती वाढली की वरचे स्वर, झांजांची झळाळी, दबते. हवेचा डायइलेक्ट्रिक अंक 1 धरला तर मेणाचा 2 च्या थोडा वर, सिलिकॉनचा 3 च्या आसपास, इपॉक्सीचा साडेतीन-चार. भोंग्यात हा फरक कानाला कळणार नाही, माइकच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये कळू शकतो. मेण मात्र थेट आचेवर कधी वितळवू नकोस. पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेव, आणि मेणात पाण्याचा थेंब जाऊ देऊ नकोस.

भोंग्यासाठी स्वस्त आणि टिकाऊ म्हणजे डांबर, म्हणजे बिटुमेन. जुन्या रेडिओंचे ट्रान्सफॉर्मर उघडलेस तर काळं भरलेलं दिसेल, ते याच जातीचं. पण रस्त्याच्या कामाचं उरलेलं डांबर कुणी फुकट दिलं तरी घेऊ नकोस. ते पन्नासेक अंशांनाच मऊ पडायला लागतं. तुला हवं ते औद्योगिक ब्लोन बिटुमेन. त्याच्या पोत्यावर 85/25 किंवा 90/15 असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा मऊ होण्याचं तापमान, दुसरा त्यात सुई किती शिरते त्याचा. छपराची वाढ धरून तुझा आकडा 90 च्या घरात गेला तर 115/15 माग. मात्र जितकं कडक, तितकं थंडीत तडकण्याची भीती, आणि जानेवारीत आपल्याकडे पारा 10 च्या खाली जातो, हे विसरू नकोस. ओतताना ते फार तापवावं लागतं: उघड्यावर काम कर, जाड हातमोजे आणि चष्मा घाल, आणि आत पीव्हीसीची नळी असेल तर काढून फायबरग्लासची घाल. बिटुमेनचा मोठा गुण असा, की तापवलं की ते परत उघडतं. दुरुस्तीच्या धंद्यात याची किंमत फार.

इपॉक्सी उघडत नाही. ते कायमचं. ओल आणि थरथर दोन्ही उत्तम अडवतं, पण घट्ट होताना स्वतःच तापतं. म्हणून मोठा डबा एकदम भरू नकोस, थराथराने भर. हार्डनर वजन करून घाल, डोळ्यांनी मापून नको. उघड्या हाताने कधीच नको, एकदा त्वचेला त्याची ॲलर्जी बसली की आयुष्यभर जात नाही. फायबरच्या टाक्यांचं पॉलिएस्टर रेझिन स्वस्त मिळेल. ते इपॉक्सीपेक्षा खूप आकसतं आणि बारीक तार तोडतं, ते टाळ. इपॉक्सीत कोरडी बारीक वाळू मिसळलीस तर आकसणं कमी होतं, उष्णता लवकर बाहेर जाते आणि खर्चही उतरतो. पैनगंगेची वाळू घेणार असशील तर धुऊन, चाळून, भट्टीत वाळवून घे. आणि तिच्यावरून चुंबक फिरव. काळे लोहकण निघून गेले पाहिजेत.

माइकच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये इपॉक्सी घालू नकोस, हे मी हात धरून सांगते. त्याचा कोर बहुधा निकेलच्या मिश्रधातूचा असतो आणि त्या धातूला दाब सहन होत नाही. इपॉक्सी आकसून त्याला आवळतं, त्याची चुंबकीय क्षमता घटते आणि खालचे स्वर पातळ होतात. तिथे मेण, नाहीतर दोन भागांचं मऊ सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं ट्यूबमधलं सिलिकॉन तांब्याला खातं, ते घरातल्या सिंकसाठीच ठेव. पॉलियुरेथेनही मऊ मिळतं, पण ते ओल शोषून फसफसतं. जुलै-ऑगस्टमध्ये त्याला हात लावू नकोस. आणि कशानेही भरलंस तरी बाहेरची घरघर त्याने अडत नाही. त्यासाठी म्यूमेटलचा डबाच लागतो.

भरण्याआधी प्रत्येक नग तपास: रोध, आवाजाची वरची-खालची हद्द, आणि 500 व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन. लाइनवर 100 व्होल्ट असतात, खांबावर चढणाऱ्या पोराचा जीव त्यावर अवलंबून आहे. डब्यावर वेढे, रोध, भरलेला माल आणि तारीख लिही. आदिलाबादेत जे मिळणार नाही ते हैदराबादच्या कोटीतल्या गुजराती गल्लीत किंवा नागपुरात शोध, आणि मालाची माहितीपत्रिका मागून घे. दुकानदाराच्या "चलता है" वर विसंबू नकोस.

तर माझं मत असं. भोंग्याला दोनदा वॉर्निश आणि वर ब्लोन बिटुमेन. पुन्हा कधी उघडायचाच नाही, अशा नगाला वाळू मिसळलेलं इपॉक्सी. माइकला मेण किंवा मऊ सिलिकॉन. अँप्लिफायरच्या मोठ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला नुसतं चांगलं भाजलेलं वॉर्निश, वर मोकळी हवा. आणि सगळे नग एकदम भरू नकोस. प्रत्येक जातीचा एक भर, तुझ्याच छपरावर बांध, एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढू दे. मग पुन्हा रोध आणि मेगर घे. आकडे जागेवर राहिले तर गिऱ्हाइकाला बिनधास्त वर्षाची खात्री लिहून दे.