वाकड्या लाकडाचे धनुष्य

धनुष्य म्हटले की देवळातील चित्रांत दिसणारी रेखीव कमान आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. आणि असे धनुष्य ज्या लाकडातून उतरले ते लाकूडही तितकेच सरळ असणार, अशी आपली समजूत होते. ती खरी नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्यासाठी ताड, वेळू, लाकूड आणि शिंग अशी चार द्रव्ये सांगितली आहेत. त्यांपैकी लाकडाचाच, आणि तोही पिळलेल्या व गाठाळ लाकडाचा, विचार आपण येथे करू.

उत्तर अमेरिकेत टेक्सास व ओक्लाहोमा ह्या प्रदेशांत ओसेज ऑरेंज नावाचा काटेरी वृक्ष होतो. तेथील मूळ रहिवासी त्याची धनुष्ये करीत. ते पाहून फ्रेंचांनी त्यास 'धनुष्याचे लाकूड' अशा अर्थाचे नाव दिले. लाकूड पिवळे, चिवट व टिकाऊ. परंतु खोड क्वचितच सरळ. म्हणून वाकडे लाकूड कसे हाताळावे, ह्याचा धडा त्यापासून चांगला मिळतो.

पहिला नियम असा की, ओंडका करवतीने न कापता पाचरी ठोकून फोडावा. करवत वाटेतले तंतू कापीत सरळ जाते. पाचर तंतूंच्या वाटेने जाते. धनुष्य ओढले असता धनुर्धराकडील बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. आणि लक्ष्याकडील बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते. पाठीवरील तंतू जेथे कापला गेला असेल तेथूनच बहुधा चीर निघते, आणि कित्येक दिवसांचे श्रम एका क्षणात वाया जातात. ह्यासाठी कारागीर साल व वरचे पांढरे लाकूड काढून एका वार्षिक वलयापर्यंत येतो आणि तेच वलय साऱ्या पाठीवर अखंड राखतो. वलय जेथे उंचावेल तेथे त्याचे हत्यारही उंचावते. गाठ आली तर ती तासून सपाट न करता तिच्याभोवती लाकूड अधिक ठेवतो.

मग सारा वाकडेपणा तसाच ठेवावयाचा काय? तसेही नाही. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारी दोरी मुठीवरून गेली पाहिजे. एरवी धनुष्य हातात फिरू लागते. तेवढ्यापुरते लाकडास वाफ देऊन साच्यावर आवळतात व निवू देतात. पुढे दोरी थोडीथोडी ओढून पाहतात. जी जागा ताठ राहते तेथलेच लाकूड खरवडतात. दुबळ्या जागेस हात लावीत नाहीत. दोष दिसला की तो दूर होईपर्यंत अधिक ओढीत नाहीत.

ही रीत केवळ अमेरिकेतील नव्हे. इंग्लंडची 'मेरी रोज' ही युद्धनौका १५४५ साली बुडाली व १९८२ साली वर काढण्यात आली. तिच्यात यू वृक्षाच्या लाकडाची दीडशेहून अधिक धनुष्ये सापडली. त्यांतही गाठींच्या जागी लाकूड मुद्दाम उंच राखलेले दिसते.

मुलांना वळण लावावे, असे आपण नेहमी म्हणतो. ते लावताना ह्या कारागिराचे स्मरण ठेवावे. अंगचे वळण आधी ओळखावे. बदलणे अगदी अवश्य असेल तेवढेच ऊब देऊन, सबुरीने बदलावे. आणि दुबळ्या जागी कधीही घाव घालू नये. सरळ दिसावे म्हणून तंतू कापले, तर ताण येताच मोडण्याची वेळ येते.