श्रमोत्तर अश्वपरिचर्या : शीतजलाविषयीचा संभ्रम

अश्ववैद्यक ही आयुर्वेदाची प्राचीन शाखा होय. शालिहोत्र तिचे आद्य आचार्य मानले जातात. जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’ व नकुलाचे ‘अश्वचिकित्सित’ हे ग्रंथ आजही उपलब्ध आहेत. माथेरान वा सारंगखेड्याच्या परिसरातील एखादा अश्वपालक दमलेल्या घोड्याविषयी विचारू लागला, तर आपण काय सांगावे, याचा येथे विचार करू.

उन्हाने तापलेल्या मनुष्याने एकदम थंड पाण्यात उतरू नये, हा संकेत आपल्या परिचयाचा आहे. तोच घोड्यास लावून, दौडून आलेल्या घोड्याला पाणी पाजू नये व त्याच्या अंगावर थंड पाणी ओतू नये, असे सांगितले जाते. उन्हाळ्यात हा सल्ला प्राणघातक ठरू शकतो. घोड्याच्या स्नायूंत खर्च होणाऱ्या ऊर्जेचा बहुतांश भाग उष्णतेत रूपांतरित होतो. शरीरभाराच्या मानाने त्वचेचे क्षेत्र मात्र मनुष्यापेक्षा कमी असते. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या निमित्ताने झालेल्या अभ्यासांत, तापलेल्या घोड्यावर थंड पाणी ओतणे सुरक्षित व परिणामकारक असल्याचे दिसून आले.

परिचर्येचा क्रम पुढीलप्रमाणे असावा :

१) तंग सैल करून घोड्यास दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालवावे. नंतर खोगीर उतरवून सावलीत, वाऱ्यावर उभे करावे.

२) घोडा फार तापला असेल, तर चालविण्यात वेळ न दवडता सर्वांगावर पाणी ओतत राहावे.

३) पाणी थोडे थोडे, वारंवार पाजावे. घोड्याच्या घामातून मीठ पुष्कळ जाते. त्यामुळे पाण्याची गरज असूनही त्यास तहान कमी लागू शकते.

४) गवत आधी द्यावे, चंदी मात्र श्वास पूर्ववत होऊन अंग निवाल्यावर, किमान तासाभराने द्यावी. घोड्यास वांती होत नाही, म्हणून पोटशूळ त्यास अधिक भयावह असतो.

५) खरारा करताना पाठीवरील व तंगाखालील घर्षणव्रण, पायांची सूज व खुरांत रुतलेले खडे पाहावेत.

विश्रांत घोड्याची नाडी मिनिटास २८ ते ४४, श्वसन ८ ते १६ व तापमान ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट असते. जबड्याच्या खालच्या कडेशी नाडी हातास लागते. अर्ध्या तासाने ती ६० च्या खाली आली नाही, पाणी ओतूनही ताप उतरला नाही, किंवा घोडा पोटाकडे वळून पाहू लागला, तर पशुवैद्यकास तत्काळ बोलवावे. मांड्या कठीण होऊन मूत्र काळपट झाल्यास घोड्यास एक पाऊलही चालवू नये.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. अशा घोड्यासाठी वेदनाशामक मागितले, तर ते देऊ नये. शरीरातील पाणी घटलेले असता ते वृक्कांस अपाय करू शकते. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुचिकित्सा हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे क्षेत्र आहे. पशुवैद्यक येईपर्यंत सावली, वारा व पाणी यांची व्यवस्था अश्वपालकाकडून करवून घेणे, हेच आपले कर्तव्य होय.